इंजिनाचा सातबारा

कोरडवाहू रानात रब्बी ज्वारीच्या पेरणीला वापसा किती दिवस टिकतो, हे या पत्रकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पाऊस उघडला की दोन-तीन दिवस पाय रुततो, पुढचे तीन-चार दिवस रान हातात असते, आणि मग वरची ओल उडून जाते. तेवढ्यात ज्याचे पेरून झाले त्याची ज्वारी उगवली. बाकीच्यांनी आभाळाकडे पाहावे. गेल्या रब्बीत नेमक्या याच दिवसांत दिंद्रुडच्या शिवारात आमच्या एका सहकाऱ्याचा ट्रॅक्टर उभा राहिला.

ट्रॅक्टर जुना नव्हता. पन्नासहून अधिक अश्वशक्तीचा, कर्जावर घेतलेला, वॉरंटी नुकतीच संपलेली आणि हप्ते मात्र चालू. घरचे रान पेरायचे होते, शिवाय शेजारच्या पाच जणांची पेरणी भाड्याने धरलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला, त्याखाली दोन आकडे उमटले आणि इंजिनाने दम सोडला. चालू राही, पण रेस घेईना. पेरणीयंत्र ओढत चढाला लागला की बंद पडे. विक्रेत्याला फोन केला. उत्तर आले, ‘आमचा माणूस येऊन लॅपटॉप लावल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तोवर गावातल्या कोणाला हात लावू देऊ नका.’ माणूस तिसऱ्या दिवशी आला. दहा मिनिटे लॅपटॉप लावला, सेन्सर गेल्याचे सांगितले, नवा सेन्सर बसवला, दिवा विझवला आणि बिल दिले. बिल पाच आकडी नव्हते एवढेच समाधान. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दिवा, तेच आकडे.

अखेर गावातल्या मिस्त्रीने डिझेल फिल्टरच्या खालची वाटी सोडली. तीतून पेलाभर पाणी आणि चिमूटभर गाळ निघाला. फिल्टर बदलला, हवा काढली, ट्रॅक्टर चालू केला. दिवा विझला तो विझलाच. पण तोवर रानाची वरची ओल उडाली होती. पाचांपैकी दोघांनी वेळीच तिफण धरली म्हणून ते वाचले. तिघांची ज्वारी दातफटी उगवली आणि कडबाही त्याच मापाने निघाला.

आता खरी गोष्ट. ते दोन आकडे पहिल्या दुपारपासून पडद्यावरच होते. एसपीएन १५७, एफएमआय १८. मालकाने ते पाहिले, त्याच्या मुलाने मोबाइलवर फोटोही काढला, लॅपटॉपवाल्याने वाचले. ज्याच्या मालकीचा ट्रॅक्टर होता त्याला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. ज्याला ठाऊक असायला हवा होता त्याने तो नीट वाचला नाही.

पहिला आकडा ‘कशाबद्दल’ ते सांगतो, दुसरा ‘काय झाले’ ते. अवजड वाहने आणि शेतीयंत्रे यांच्यासाठी अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने जे-१९३९ नावाची पद्धत ठरवली आहे, तिच्यातले हे आकडे आहेत. १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब. रेल म्हणजे सगळ्या नोझलांना डिझेल पुरवणारी जाड नळी. तिच्यातला दाब मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या पाचशे पट आणि जोर लागला की त्याहूनही पुष्कळ अधिक असतो. १८ म्हणजे आलेला निरोप विश्वासाचा आहे, पण दाब असायला हवा त्यापेक्षा बराच कमी आहे. बस्स. सेन्सर मेला, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

सेन्सर किंवा त्याची वायर गेली असती तर इंजिनाच्या संगणकाने वेगळा आकडा लिहिला असता. या सेन्सरला पाच व्होल्टचा पुरवठा असतो आणि तो धडधाकट असेल तर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान उत्तर देतो. उत्तर अगदी शून्याजवळ किंवा पूर्ण पाचाजवळ आले की संगणक ओळखतो की हा दाब नव्हे, ही तुटलेली किंवा लोखंडाला टेकलेली वायर आहे. मग दुसरा आकडा ३ किंवा ४ येतो. सर्किटच तुटले असेल तर काही ठिकाणी ५ येतो. ज्या पडवीत सरकीची पोती आणि ज्वारीची कणसे पडलेली असतात तिथे उभ्या केलेल्या ट्रॅक्टरची वायर उंदीर कुरतडतात, तेव्हा हेच आकडे दिसायचे. म्हणून कोड वाचताना पहिला सवाल एकच विचारावा: तक्रार वायरीची आहे की इंजिनाची? १८ आला म्हणजे वायर बोलते आहे, सेन्सर बोलतो आहे, आणि दाब खरोखरच कमी असण्याची शक्यता मोठी आहे. सेन्सर कधी खोटे सांगतच नाही असे नाही, पण त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी टाकी, कॅनमधले डिझेल, फिल्टर, पाण्याची वाटी, कुठे हवा ओढणारा जोड, मग पंप. स्वस्तापासून महागाकडे जायचे, ही रीत गावातल्या मिस्त्रीला कोणी शिकवावी लागत नाही. महागापासून सुरुवात करण्याची रीत बिलाच्या वहीतून येते.

यावर कोणी म्हणेल की हा मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांचा प्रश्न आहे, कोरडवाहू शेतकऱ्याचे त्यात काय? आपल्यापैकी बहुतेकांकडे ट्रॅक्टर नाही, हे खरे. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेही पन्नासच्या आतला, हाताने समजणाऱ्या पंपाचा असण्याचाच संभव जास्त. १ जानेवारी २०२३ पासून धुराचे जे नवे नियम आले त्यांनी पन्नास अश्वशक्तीपुढच्या ट्रॅक्टरांना धरले, आतल्यांना त्या वेळी हात लावला नाही. पण रान भाड्याने पेरून घेणाऱ्याच्या ओलीचा हिशेब दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालतो, हे वर आलेच आहे. कापूस जिनिंगला नेणारा पिकअप १ एप्रिल २०२० नंतरचा असेल तर त्यात हीच व्यवस्था आहे. आणि त्या तारखेनंतर घेतलेल्या मोटारसायकलीवर इंजिनाच्या चित्राचा जो पिवळा दिवा आहे तोही याच कुळातला. काही कंपन्यांच्या मोटारसायकलींत तर दिवाच कोड सांगतो: लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बारा. बैलगाडीवाल्याच्या घरीही आज हा दिवा पोहोचला आहे.

जुन्या इंजिनाची भाषा धुराची होती. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. ही भाषा शिकायला परवाना लागत नव्हता. नव्या इंजिनात धूर जवळजवळ दिसत नाही. तो दिसू नये म्हणूनच तर हे सारे केले. त्याला आमची हरकत नाही. तेवढ्याच डिझेलमध्ये अधिक काम देणारे आणि कमी धूर ओकणारे इंजिन कोणाला नको आहे? तंत्रज्ञान आले की दार लावून घ्यायचे, हा आपला मार्ग कधीच नव्हता. आमचा मुद्दा एवढाच आहे की धुराची भाषा काढून घेतलीत, तर तिच्या जागी जी भाषा आणलीत ती मालकाला शिकवा.

पिकअपच्या भाषेचे तसे बरे आहे. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना एकाच तऱ्हेची सोळा पिनांची जोडणी आणि एकाच तऱ्हेचे कोड कायद्याने सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० पासून टप्प्याटप्प्याने ती व्यवस्था आली. मालकाची सोय हा या कायद्याचा हेतू नव्हता, शहराच्या हवेची काळजी होती. पण कायदा झाला म्हणून धुराशी संबंधित कोड सगळ्या कंपन्यांना सारखेच ठेवावे लागले. स्टिअरिंगच्या खाली हात घातला की ती सोळा पिनांची खोबण सापडते. काही शे रुपयांत मिळणारे छोटे यंत्र तिथे लावले की मोबाइलवर कोड दिसतो. पाच जागांचा कोड असतो. पहिले अक्षर पी असेल तर बिघाड इंजिन-गिअरबॉक्सचा. त्यापुढे शून्य असेल तर कोड सर्वांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. दिंद्रुडच्या ट्रॅक्टरने सांगितली तीच तक्रार. पी ०१९२ आणि पी ०१९३ हे मात्र त्याच दाबाच्या सेन्सरच्या सर्किटचे. दोघांत गल्लत झाली की पाणी फिल्टरात राहते आणि पैसा सेन्सरवर जातो.

कोडबरोबर आणखी एक गोष्ट साठवली जाते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कोड पक्का होतो त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती, पाणी किती तापलेले, गाडीचा वेग किती, याची नोंद संगणक करून ठेवतो. आपल्या भाषेत हा पंचनामा. पीकविम्याचे पंचनामे आपण पाहिलेले आहेत. पंचनाम्यात नुकसान कोणी केले ते नसते. काय दिसले, कधी दिसले, तेवढेच असते. त्यावरून कारण शोधणे हे वाचणाऱ्याच्या अकलेवर. थंड इंजिनावर, सकाळी, बिनभाराने आलेला कोड आणि भरल्या गाडीने घाट चढताना आलेला तोच कोड, यांची कारणे वेगळी असू शकतात. बरेच बिघाड संगणक एकदा दिसताच जाहीर करत नाही. पहिल्या फेरीला कच्ची नोंद, दुसऱ्या फेरीला पुन्हा दिसला तर पक्की नोंद आणि दिवा. बिघाड नाहीसा झाला तर साधारण तीन फेऱ्यांनी दिवा आपोआप विझतो, नोंद मात्र पुढे बराच काळ राहते. म्हणजे तलाठ्याच्या दप्तरापेक्षा कारभार बराच शिस्तीचा आहे म्हणायचा.

आणि इथेच आमची खरी तक्रार आहे. जमीन आपली, पण तिचा उतारा पाहिजे तर तलाठ्याच्या दारात उभे राहायचे, हे आपल्या दोन पिढ्यांनी केले. तलाठी सज्जावर सापडला तर नशीब. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर मिळू लागला आणि निदान उताऱ्यापुरता तो हेलपाटा वाचला. सरकारलासुद्धा जे जमले ते कंपन्यांना जमत नाही, असे कसे? ट्रॅक्टर आपल्या नावावर, हप्ता आपल्या खात्यातून, आणि त्याच्या पोटातली नोंद वाचायची तर तालुक्याच्या गावाहून लॅपटॉप यायला हवा. लॅपटॉप लावण्याची फी वेगळी. लावल्यावर काय दिसले त्याचा कागद मिळत नाही, फक्त बिल मिळते.

हा मुद्दा आम्हीच पहिल्यांदा काढला असेही नाही. २०११ साली एका मोटारमालकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाकडे प्रकरण गेले. कंपन्या सुटे भाग आणि बिघाड वाचण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, अशी ती तक्रार. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दोषी धरले, मिळून सुमारे अडीच हजार कोटींचा दंड सांगितला, आणि भाग व साधने खुली करण्याचा आदेश दिला. दंडावर पुढे अपिले झाली, ती वकिलांची गोष्ट. मुद्दा हा की बाहेरच्या मिस्त्रीला कोड वाचू न देणे म्हणजे बाजार अडवणे, असे या देशाच्या आयोगाने कागदावर लिहून ठेवले आहे. ते प्रकरण मोटारींचे होते, ट्रॅक्टरचे नव्हते. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रे होती. त्या डिसेंबरात पोर्टलही उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतला शेतकरी आपल्यापेक्षा शंभरपट मोठा, पण या एका बाबतीत तोही आपल्यासारखाच उघड्यावर सापडला. २०१७ च्या सुमारास तिथले काही शेतकरी आपलाच ट्रॅक्टर दुरुस्त करायला युक्रेनमधून चोरवाटेने आलेले सॉफ्टवेअर वापरत असल्याच्या बातम्या आल्या. २०२३ मध्ये कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर याच कारणाने खटला भरला. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे. हक्काचा कायदा मात्र कारखान्याबरोबर येत नाही.

कंपन्यांची बाजूही मांडली पाहिजे. त्या म्हणतात, सगळे खुले केले तर लोक धुराची यंत्रणाच बंद करून टाकतील. हे निव्वळ खोटे नाही. दिवा लागला की ‘तेवढा दिवा बंद करून द्या’ म्हणणारे आपल्यातच आहेत आणि शे-दोनशे घेऊन तो बंद करून देणारेही आहेत. कोड पुसला की पंचनामाही पुसला जातो. बिघाड तिथेच राहतो. ज्या गाडीत युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी असते तिच्यात खताचा युरिया बादलीत कालवून ओतणारेही आम्हाला भेटले. त्या टाकीत ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेले पाणी लागते. आपला खताचा युरिया २०१५ पासून कडुलिंबाचा लेप दिलेला आहे. तो रानाला ठीक, पण त्या यंत्रणेची वाट लावतो. मग पी २०ईई सारखा कोड येतो, काही काळाने संगणक इंजिनाचा जोर कापतो, आणि बचत केलेले शंभर रुपये हजारोंनी परत जातात. हे पाप कंपनीचे नाही.

पण एखादा शेतकरी बांध कोरतो म्हणून सगळ्या गावाचा सातबारा कुलपात ठेवायचा काय? वाचणे वेगळे आणि बदलणे वेगळे. इंजिनाचा मूळ हिशेब बदलण्याची किल्ली कंपनीने खुशाल स्वतःकडे ठेवावी. वाचण्याला कुलूप नको. म्हणून या जिल्हा बैठकीत विक्रेत्यांपुढे ठेवायचे मागणे आम्ही साधेच ठेवले आहे. ट्रॅक्टरबरोबर जी पुस्तिका मिळते तिच्यात कोडांची पूर्ण यादी अर्थासह आणि मराठीत छापावी. कुठलाही भाग बदलण्यापूर्वी दिसलेला कोड आणि त्या वेळची नोंद बिलावर लिहून मालकाची सही घ्यावी, आणि काढलेला भाग मालकाच्या हाती द्यावा. कोड वाचण्याचे साधन रास्त दराने गावच्या मिस्त्रीला विकत मिळावे. पेरणी आणि मळणीच्या दिवसांत माणूस तिसऱ्या दिवशी येणार असेल तर फोनवर कोड ऐकून काय तपासायचे ते सांगण्याची जबाबदारी विक्रेत्याने घ्यावी. फोनवर सांगितले असते तर दिंद्रुडच्या तिघांची ज्वारी वेळेत पडली असती.

जुना पिकअप घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. किल्ली फिरवली की, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तो पिवळा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर कोणीतरी तो काढून ठेवला आहे, असे धरावे आणि भाव करण्याआधी वायरमन बोलवावा. छोटे यंत्र लावल्यावर कोड एकही नाही, पण आतल्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड कालपरवाच पुसलेले असण्याचा संभव आहे.

दिंद्रुडच्या पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या ट्रॅक्टरवर, पिकअपवर किंवा मोटारसायकलीवर यंदा दिवा लागला त्यांनी पडद्याचा फोटो किंवा लिहिलेला आकडा, दिवा लागला तेव्हा गाडी काय करत होती ते, दुरुस्तीचे बिल आणि शेवटी दोष कुठे निघाला ते, एवढे घेऊन यावे. पत्रकाच्या वतीने एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर १५७ आणि १८ लिहून झाले आहेत, पुढे ‘फिल्टरमध्ये पाणी’. सोळा पिनांचे यंत्र बैठकीत असेल, पिकअपवाल्यांनी गाडीसह यावे. ट्रॅक्टरच्या नऊ पिनांच्या गोल जोडणीची केबल अजून मिळालेली नाही; कोणाला ठाऊक असेल तर मिस्त्रीशी बोलावे.